दाजींची गाडी पुलावर होती

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान उदयसिंहराव शिर्के, म्हणजे आमचे दाजी, कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतात. फाटकाशी एखादं येऊन बसलं तर "जाता का आता?" असं विचारतात आणि ते जाईपर्यंत थांबतात. त्यांचे आजोबा बडोदे संस्थानच्या घोडदळात होते. संस्थान गेलं, घोडे गेले, दाजींनी रेल्वेच्या कचेरीत खर्डेघाशी करून पेन्शन घेतली, पण अदब काही गेली नाही.

या अदबीची दोन कलमं आहेत. पहिलं, खोटं बोलायचं नाही. दारात विमा एजंट आला तर "घरी नाहीत म्हणून सांगा" हे वाक्य त्या घरात आजवर उच्चारलं गेलेलं नाही, त्यामुळे त्यांचे इतके विमे उतरले आहेत की माणूस अमर व्हावा. दुसरं, समोरच्याशी त्याच्या भाषेत बोलायचं. आता दाजींची गुजराती म्हणजे मराठी वाक्य घ्यायचं आणि शेवटी 'छे' बांधून द्यायचा. बडोद्यात, फतेगंजातल्या शेजाऱ्यांना ती सवयीने कळते आणि आवडतेही. बाहेर मात्र तिचं काय होतं, हे आम्ही कधी तपासलं नव्हतं.

दीडेक वर्षापूर्वी त्यांच्या मुलीने, शलाकाने, त्यांना गाडी घेऊन दिली. ती पुण्यात नोकरी करते. गाडी तिच्याच नावावर आहे, आणि दाजी मुलीला आक्कासाहेब म्हणतात, तेव्हा त्या गाडीचा थाट काय असेल तो ओळखा. गाडी दारात आली त्या दिवशी अहल्याताई कुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली, तर दाजी बॉनेटसमोर आडवे उभे राहिले. कुंकवाने रंगाला डाग पडतो, आक्कासाहेबांची वस्तू आहे, असं म्हणाले. चाकाखाली लिंबू चालेल, नारळ बाजूला फोडा, पण कुंकू नाही. माझी बहीण काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा सावध राहायचं, हे इतक्या वर्षांच्या संसारातही दाजींना उमगलेलं नाही.

मग विश्वामित्री नदीला पूर आला. पाणी सोसायटीत शिरणार अशी कुणकुण लागताच दाजींनी गाडी काढली आणि फतेगंजच्या पुलावर नेऊन लावली. निम्म्या वस्तीच्या गाड्या तिथे रांगेने उभ्या होत्या. बाकीचे लोक गाड्या लावून घरी परतले, दाजी मात्र पाणी उतरेपर्यंत तिथेच बसून राहिले. पुण्याहून शलाका फोनवर कळवळून सांगत होती, की बाबा, गाडी गेली तर जाऊ द्या, तुम्ही घरी जा. त्यावर त्यांनी तिला सांगितलं, गाडीला पाण्याचा थेंब लागलेला नाही आणि लागणार नाही, हा माझा शब्द. पूर ओसरला आणि ते घरी आले ते पाठ धरूनच. ताईने चार दिवस शेक दिला.

काही आठवड्यांनी मागच्या उजव्या लाईटच्या आत वाफ धरलेली दिसली. आधी धुकं, मग थेंब, मग तळाशी चक्क पाण्याची रेघ. दाजी रोज सकाळी फडकं घेऊन ते बाहेरून पुसत. पाणी आतल्या बाजूला आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण राहवत नसे. शेवटी मीच म्हटलं, गाडी वॉरंटीत आहे, गोरव्याच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. मला येताना खंडेराव मार्केटला उतरायचं होतं, म्हणून मीही बरोबर गेले.

काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती, छातीवर यशश्री नावाची पट्टी. ती गुजरातीत भराभर विचारत होती आणि दाजी अदबीने उत्तरं देत होते. मी लांब सोफ्यावर, मागे वर्कशॉपचा खडखडाट, त्यामुळे मला एक अक्षर ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने दाजी परत आले, चला म्हणाले. लाईट बदलली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, नियमात बसत नाही. मार्केटमध्ये मी मेथी निवडत होते तेव्हा हे गृहस्थ पिशवी धरून असे उभे होते, की भाजीवाल्याने त्यांना बसायला खोकं दिलं.

खरं काय ते संध्याकाळी कळलं. गाडी शलाकाच्या नावावर, त्यामुळे कंपनीचा मेसेज तिच्या फोनवर गेला. गाडी पुरात बुडालेली होती, सबब लाईटचं काम वॉरंटीत होणार नाही, आणि यापुढे विजेचं कुठलंच काम होणार नाही. तिने लगेच फोन केला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती समजुतीने म्हणाली, "बाबा, पाणी लागलं होतं तर सांगायचं ना. मी रागावले नसते."

"नाही लागलं, आक्कासाहेब."

"बरं बाबा."

लहान मुलाने भिंतीवर रेघोट्या कुणी मारल्या ते माहीत नाही म्हटलं, की आपण ज्या सुरात बरं म्हणतो, तोच तो सूर होता. दाजींनी फोन ठेवला आणि ताटावरून उठले. ताई मला सांगत होती, की सत्तर वर्षांच्या माणसाला कुणी पहिल्यांदाच खोटारडा म्हटलं, आणि तेही प्रेमाने.

माझा स्वभाव बहिणीसारखा नाही. मी गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी दोघांना गाडीत घातलं आणि गोरवा गाठलं. तीच मुलगी होती. मी हिंदीत सुरू झाले. ती शांतपणे गुजरातीत म्हणाली, की काकांनी स्वतःच सांगितलं आहे. तिने विचारलं होतं, पूर आला तेव्हा गाडी कुठे होती, आणि काका म्हणाले, पूरमध्ये होती. शिवाय लाईटमध्ये पाणी भरलं असंही म्हणाले. या शहरात गाडीत पाणी भरलं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मी दाजींकडे वळले. काय सांगितलंत नेमकं? त्यांनी आपलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं: "गाडी पुलमां हती छे."

माझं डोकंच फिरलं, आणि फिरलं की मी मराठीतच बोलते. "अहो दाजी, पुलावर म्हणायचं! ब्रिज म्हणायचं! इथल्या पोरांना पूल काय ठाऊक? तिने पूर ऐकलंय!"

यशश्रीचे हात कीबोर्डवरच थांबले. "पूल? म्हणजे ब्रिजवर होती गाडी?" ती म्हणाली, आणि स्वच्छ मराठीत म्हणाली.

मी विचारलं, तू मराठी आहेस? ती म्हणाली, हो, घरी. बाहेर सवय नाही. दाजी तिच्यासाठी गुजरातीत बोलत होते, ती दाजींसाठी गुजरातीत बोलत होती, आणि दोन मराठी माणसांच्या सौजन्यात आमची गाडी बुडाली होती. पोरगी ओशाळून गेली. म्हणाली, काका, तुमच्यासारखी माणसं खोटं बोलत नाहीत, मी आत्ताच्या आत्ता ते काढून टाकते.

इथे कुणीही शहाणा माणूस बरं म्हणून घरी गेला असता. दाजींनी हात जोडले आणि म्हणाले, "तसं नको. आपण दोघं मराठी निघालो म्हणून माझा शब्द खरा ठरायला नको. काल गुजरातीतही मी तेच सांगत होतो. आपण गाडी तपासून घ्या."

सुंभ जळेल, पीळ जायचा नाही, असं मी मनात म्हटलं. मी त्यांना चिमटा काढणार होते, पण मेकॅनिक निघालासुद्धा. त्याने सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले, गाळाचा मागमूस नाही. मग म्हणाला, डिकी उघडतो, स्टेपनीची जागा सगळ्यात खोल, पाणी आलं असेल तर तिथे दिसेल. एवढा वेळ गप्प असलेली अहल्याताई एकदम पुढे झाली आणि म्हणाली, राहू द्या हो, तिथे काय बघायचंय? तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, खरंच पाणी शिरलं होतं की काय, आणि हिला ते माहीत होतं.

मेकॅनिकने चटई उचलली, स्टेपनी काढली. खालच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. बोटाने काढलेलं, चारी भुजा रेखीव, मधोमध हळदीचा ठिपका आणि वर पाच-सात अक्षता. यशश्रीने बोट टेकवलं तर बोटाला कोरडं कुंकू लागलं. पाण्याचा ओघळ जरी आला असता, तरी त्याचा चिखल झाला असता.

ताई पदर सारखा करत म्हणाली, "तुम्ही पेढे वाटायला गेला होतात तेव्हा काढलं. दिसणार नाही अशा जागी काढलं. मला बिनकुंकवाची गाडी नको होती."

दाजींनी डिकीत डोकं घालून ते स्वस्तिक पाहिलं. मग तिथे सगळ्यांदेखत, माझ्यादेखत, बायकोला वाकून मुजरा केला. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. खोटं कशाला सांगू?

नोंद दुरुस्त झाली. दोन्ही लाईट चालू ठेवून पाहिल्या. डावीतही थोडं धुकं होतं, ते गरम होऊन निघून गेलं. ते चालतं, यशश्री म्हणाली, येतं नि जातं. उजवीतलं पाणी हटलं नाही, म्हणजे तिचं पाणी अडवणारं रबर गेलेलं. ती वॉरंटीत बदलून मिळाली. शलाकाला मी स्वस्तिकाचा फोटो पाठवला. तिचा फोन आला तेव्हा ती पुन्हा पुन्हा माफी मागत होती, आणि दाजी तिलाच समजावत होते, की तुमची काही चूक नाही, आमची गुजराती कच्ची.

दसऱ्याला मी सकाळीच त्यांच्याकडे गेले. गाडी धुऊन उभी होती, झेंडूची माळ घातलेली. ताई ताट घेऊन बाहेर आली आणि सवयीने मागे, डिकीकडे निघाली.

दाजी बॉनेटपाशी उभे होते. ते बाजूला झाले आणि म्हणाले, "इकडे या. इथे काढा, सगळ्यांना दिसेल असं."