गोमुखापर्यंत आलेली खारट माती

शहापूरच्या शाळेत बारा वर्षं मी मुलांना हिमनदी शिकवली, आणि रसवंतीतल्या लादीपलीकडे बर्फ कधी पाहिला नव्हता. शेवटी २००७ च्या शिमग्याला मी घरात जाहीर करून टाकलं, मे महिन्यात गोमुखला जाणार. नवरा म्हणाला, बाईमाणसानं एकटं जायची जागा नाही ती. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मंग आमी दोघी जातो. दोघी म्हंजे काय एकटं नाय." विषय तिथेच मिटला.

सासूबाईंचं सासर मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे, पण माहेर खाडीकाठचं. साठी उलटलीय, तरी लावणीच्या चिखलात त्या अजूनही माझ्या चार हात पुढे असतात.

कल्याणहून हरिद्वारची गाडी धरली. तिकीट दोन महिने आधीच काढा, मे महिन्यात ऐन वेळी उभं राहायलाही जागा मिळत नाही. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. तीर्थाला पोचायच्या आत सुकट संपली पाहिजे, असा सासूबाईंचा हुकूम होता, आणि मथुरा यायच्या आधी तो त्यांनी एकटीनेच तडीस नेला.

हरिद्वार ते गंगोत्री बसने दोन दिवस लागले, मधे उत्तरकाशीला मुक्काम. तो रस्ता पाहिल्यावर आपला माळशेज घाट अंगणासारखा वाटतो. गंगोत्रीहून भोजबासा चौदा किलोमीटर, पायी. घोडे मिळतात, पण भाव आधी ठरवून घ्या. सासूबाईंनी घोड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. देवाकडे दुसऱ्याच्या पायांनी कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी माझे पाय बोलत होते, त्यांचे नाही.

भोजबासा हे नाव भोजवृक्षांवरून पडलं, असं मी वर्गात सांगत आले होते. प्रत्यक्षात उघडा माळ. चहावाला म्हणाला, झाडं होती, पण आल्यागेल्यांच्या चुलीत गेली. म्हणजे आमच्यासारख्यांच्याच. मला फार राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

तिथल्या आश्रमात वरणभाताच्या पंगतीला शेजारी निताई नावाचे पन्नाशीचे गृहस्थ बसले होते, सुंदरबनातल्या एका बेटावरचे भातशेतकरी. त्यांचं हिंदी मोडकं, सासूबाईंचं त्याहून मोडकं, तरी भाताचं वाण किती दिवसांत होतं इथवर दोघांची मजल गेली. मग त्यांनी कमरेची एक पुरचुंडी सोडली. आत त्यांच्या शेताची माती. उधाणाने बांध फुटला, खारं पाणी शेतात बसलं, दोन वर्षं दाणा नाही. बांधाबाहेरची, लाटा अडवणारी तिवराची झाडं कोळंबीच्या तळ्यांसाठी आधीच तोडली होती. ही माती अस्थींसारखी गोमुखात शिरवायची आणि कलकत्त्याला हमाली करायला जायचं, असं ठरवूनच ते आले होते.

सकाळी तिघे निघालो, अजून चार किलोमीटर. कुठल्या साली बर्फ कुठवर होता, ते वाटेतल्या दगडांवर रंगवलेलं आहे. शेवटचा आकडा मागे पडला तरी आम्ही चालतोच आहोत. अखेर दिसली ती राखाडी, मळकी भिंत, आणि आमच्यासमोरच तिचा एक लचका धाडकन पाण्यात पडला. माझ्या पुस्तकातली हिमनदी म्हणजे एक निळी रेघ, कायमची. इतकी वर्षं मी मुलांना अर्धंच सांगितलं होतं.

जगभरचा असा वितळलेला बर्फ शेवटी समुद्रालाच मिळतो आणि समुद्र चढतो, हे मी निताईंना कसंबसं सांगितलं. ते पाण्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "तो ये हमारे ही घर जा रहा है."

ते पुरचुंडी घेऊन वाकले, आणि सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकल्या.

"खारट हाय. पन मेली नाय ही. जितं शेत शिरवाया आलास?"

हे मी निताईंना हिंदीत सांगितलं. मग सासूबाईंनी माहेरची रीत सांगितली. बांध आधी बांधायचा, पावसाचं पाणी खाचरात कोंडायचं, सोडायचं, पुन्हा कोंडायचं. धुऊन काढायची जमीन. आणि राता पेरायचा, खारं सोसणारं तांबडं भात. निताई म्हणाले, आजोबांकडे होतं तसं भात, नवीन बियाणं आल्यावर घरातून गेलं.

"माज्या भावाकडं हाय अजून. पत्ता दे."

निताईंनी पुरचुंडीची गाठ पुन्हा मारली. मी सरळ रडले.

परतल्यावर सासूबाई वैशाखऱ्याला न जाता थेट माहेरी गेल्या. पाच किलो राता जुन्या साडीत शिवून पार्सल केला. बंगालात भाताला काय तोटा आहे, असं म्हणून गाव हसलं. हसू दे.

बर्फ मागे जातोय, आणि तो मला थांबवता येणार नाही. पण म्हणून हात जोडून बघत बसायचं, हे मला मंजूर नाही. वर्गातल्या नकाशावर आता ती हिमनदी मी पेन्सिलीने काढते, आणि का, ते मुलांना सांगते.

मार्गशीर्षात निताईंचं पत्र आलं. निम्मं शेत करपलं, निम्मं आलं, कलकत्त्याला गेलेलो नाही. निम्मं करपलं हे वाचताना मी अडखळले. सासूबाईंनी पुढचं 'निम्मं आलं' तेवढंच पुन्हा वाचायला लावलं.

"निम्मं आलं ना? मंग म्होरल्या सालचं बियानं झालं."