दाजींच्या वाटेतले धोंडे

जगात पहिल्यांदा ज्या कुणी रस्त्यावर डांबर ओतलं असेल, त्याला आमच्या दाजींनी अजून माफ केलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नात्यानं माझे साडू. पण बायको दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला ‘मास्तर’ म्हणतात, कारण मी पलूसला एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. त्यांचं गाव कराडजवळ, कृष्णेच्या काठाला. तिथून पलूसला यायला चांगला रस्ता आहे, एसटी आहे, मनात आणलं तर रेल्वेसुद्धा आहे. दाजी यातल्या कशानंच येत नाहीत. ते कालव्याच्या भरावावरून, उसाच्या गाड्यांच्या चाकोरीतून, कुठल्याशा टेकाडाच्या पाठीमागून मोटारसायकल घालत येतात आणि दारात उतरतात तेव्हा त्यांच्या अंगावर तीन गावांची माती असते. ती झटकायच्या आधी ते मला दाखवतात. "ही तांबडी कुठली, वळका बघू. तुमी भूगोलवालं न्हवं?" मी आजवर एकदाही बरोबर ओळखलेलं नाही.

वडूजच्या लग्नाची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. आक्का, म्हणजे दाजींच्या मंडळी, आणि माझी बायको शहाण्यासारख्या एसटीनं गेल्या. मला दाजी म्हणाले, "मास्तर, बसा मागं. जवळच्या वाटेनं जाऊ." दाजींची जवळची वाट म्हणजे काय चीज असते हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोन डोंगर चढलो, एका ओढ्यात गाडी ढकलली, एका मळ्यात आग्रहाची पिठलं-भाकरी खाल्ली, एका मेंढक्याच्या कुत्र्यानं आम्हाला बराच लांबवर पोचवलं, आणि मांडवात शिरलो तेव्हा अक्षता पडून मुख्य पंगतीही उठल्या होत्या. माझ्या नव्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं. यजमानांनी आम्हाला वाजंत्रीवाल्यांच्या पंगतीला बसवलं. मी खाली मान घालून जेवत होतो आणि दाजी वाढप्याला सांगत होते, "वाटंत सात माणसं भेटली. सातीच्या साती बोलली. डांबरीनं आलो असतो तर एक तरी बोललं असतं का?"

त्यांची गाडी मी नीट न्याहाळलेली आहे, कारण अशी दुसरी कुठं पाहायला मिळणार नाही. मूळची कुठल्या कंपनीची होती हे तिलाही आठवत नसेल. मडगार्ड वर उचललेलं, धुराची नळी सीटच्या उंचीला बांधलेली, टायर ट्रॅक्टरच्या टायरची धाकटी भावंडं शोभावीत असे खडबडीत. डोंगर लागला की दाजी उतरतात, गुडघ्यावर बसतात आणि दोन्ही चाकांतली थोडी थोडी हवा सोडतात. टायर सैल असला की तो जमीन धरून चालतो, असा त्यांचा सिद्धान्त आहे आणि मी कुतूहलानं विचारून विचारून खात्री करून घेतली आहे, तो खराही आहे. पण एका पावसाळ्यात त्यांनी मायेपोटी माझ्या स्कूटरचीही हवा कमी केली आणि मला सांगायचं विसरले. कराड ते पलूस मी डांबरी रस्त्यानं डुलत डुलत आलो आणि सगळी वाट मला वाटत राहिलं की आक्काच्या हातचं जेवण जरा जास्तच झालंय.

दाजी सैन्यात ड्रायव्हर होते. उत्तरेकडच्या पहाडात कुठंतरी त्यांची तुकडी होती. तिथं रोज सकाळी पहिली गाडी दाजींची निघायची, दरड कोसळलीय का, बर्फ आलंय का बघायचं, असलं तर हटवायचं, आणि मग वायरलेसवरून कळवायचं, "रास्ता खुला है." पेन्शनीत निघून कैक वर्षं झाली, पण ते कळवणं सुटलं नाही. कुठूनही फिरून आले की पाय धुवायच्या आधी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून सांगतात, "रस्ता खुला हाय." आक्का मागं न बघता म्हणते, "बरं झालं. आता दारातली गाडी काढा, म्हस आत यायची हाय."

अडलेलं काही त्यांना बघवत नाही. कुणाच्या घरी गेले तर दारातल्या चपला आधी दोन्ही बाजूंना सारतात. दवाखान्यात बाकडं जरा पुढं आलेलं असलं तर त्यावर बसलेल्या पेशंटांसकट मागं ढकलतात. आणि गाडीच्या मागे एक लांबट पिशवी कायमची बांधलेली असते. तिच्यात कोयता, हातकरवत, दोरखंड आणि ताकाची बाटली. पाटणच्या अंगाला डोंगरातल्या जुन्या पायवाटा आहेत. माणसं खालच्या रस्त्यानं जायला लागली तशा त्या घाणेरीनं आणि करवंदीच्या जाळ्यांनी गिळल्या. दाजी रविवारी जातात, एखादी वाट हुडकून काढतात, जाळ्या तोडतात, पडलेली झाडं बाजूला ओढतात आणि मग त्या वाटेवरून गाडी नेऊन आणतात. मी एकदा विचारलं, "दाजी, तुम्ही गाडी चालवायला वाट साफ करता, का वाट साफ करायला गाडी चालवता?" त्यांनी पिशवीतून बाटली काढली. म्हणाले, "मास्तर, ताक प्या."

या सगळ्या वाटांत त्यांची लाडकी होती ती वरच्या वस्तीची वाट. डोंगराच्या सोंडेवर पाच-सात घरांची वस्ती आहे. तिथली एक बाई रोज सकाळी डोक्यावर दुधाची किटली घेऊन रानातून खालच्या गावच्या डेअरीत उतरते. वयानं दाजींपेक्षा लहान, पण सगळा मुलूख तिला मावशी म्हणतो म्हणून दाजीही म्हणतात. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून आहे. त्या वाटेनं दूध आणायचं तर डेअरीत पोचेपर्यंत त्याचं दही व्हायचं. दाजींनी ही वाट मला दाखवायला नेलं तेव्हा मी मागे बसलो होतो. जांभळीच्या एका मोठ्या झाडापासून चढ सुरू होतो. वाट सुरेख होती, फक्त दर पंधरा-वीस पावलांवर दगडांची एक आडवी ओळ. प्रत्येक ओळीला दाजी मुठी आवळून हँडल किंचित वर उचलत, पुढचं चाक टुणकन पलीकडं जाई, आणि मागचं चाक जाताना माझे दात एकमेकांवर आपटत. वर पोचल्यावर मी जबडा चोळत म्हणालो, "हे दगड काढून का टाकत नाही कुणी?"

हे वाक्य माझं आहे. मी ते इथं मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

त्या उन्हाळ्यात दाजींनी ते दगड काढले. चैत्र-वैशाखभर, एकेक ओळ पहारीनं उचकटून, दरीत लोटून. मावशी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेलेली होती. वस्तीवरचे बाकीचे बघत होते, पण कुणी हटकलं नाही. अंगात सैन्यातली हिरवी पँट, तालात चाललेलं काम आणि कुणी दिसलं की कडक सलाम. माणूस सरकारीच असणार, आणि सरकारी माणूस काही काढतो आहे म्हटल्यावर त्याला विचारायचं कशाला, असं त्यांनी ठरवलं. उलट दोन वेळा चहा दिला. शेवटच्या रविवारी दाजी जांभळीपासून वस्तीपर्यंत एकदाही चाक न उचलता गेले. मला फोन आला. "मास्तर, लोण्यासारखी झालीया वाट."

पाऊस लागला आणि लोणी वितळलं. पाण्याला डोंगरावरून सरळ खाली जायला आयती सडक मिळाली. श्रावण लागेपर्यंत वाटेच्या जागी गुडघाभर खोल घळ पडली, झाडांची मुळं उघडी झाली, आणि एका सकाळी मावशी त्या घळीत घसरली. हात मुरगळला, सगळं दूध ओघळीला मिळालं. दाजींना कळलं तसे ते निघाले आणि जाताना मलाही घेऊन गेले. जांभळीखाली मावशी आणि वनरक्षक बाई दोघी उभ्या होत्या. वनरक्षक बाई तिथल्याच कुठल्याशा गावच्या, तरुण, बोलायला शांत. त्या म्हणाल्या, "काका, तुमी वाट मोकळी न्हाई केली, वाटंचा ओढा केलाय. असंच ऱ्हायलं तर दरड खाली येईल. पुढच्या पावसाच्या आदी ही सुधारली न्हाई तर मला वाट बंद करावी लागंल."

"मला वाटलं, ढासळल्यालं दगड हायत," दाजी म्हणाले.

"ढासळल्यालं कशानं?" मावशी म्हणाली. रागानं नव्हे, तिला खरंच नवल वाटत होतं. "माझ्या सासऱ्यानं बसवल्यालं. सरळ आडवं न्हाई, तिरकं. वरच्या अंगाला माती दाबायची, खालचं टोक दरीकडं काढायचं. पानी येतंय, धोंड्याला टेकतंय आन् गपगुमान भाईर जातंय. दर साली पावसाआदी आमी माती लावतो."

दाजी हेल्मेट काढून, ते दोन्ही हातांत धरून उभे होते, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखे. आणि मी, वीस वर्षं नववीच्या पोरांना जमिनीची धूप शिकवणारा, त्यांच्या शेजारी उभा राहून जांभळीच्या पानांचा अभ्यास करत होतो. दगड काढायची कल्पना कुणाची हे सांगायला ती वेळ चांगली होती. दाजींनी माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मलाही तोंड उघडायचं धैर्य झालं नाही, आणि त्याची लाज अजून वाटते. ते एवढंच म्हणाले, "मावशी, मला शिकवा. मी बसवतो समदं."

वनरक्षक बाईंनी परवानगी दिली, पण एक अट घातली. वाट माणसांसाठी उघडी राहील, गाडी चढणार नाही.

"माझी बी?" दाजींनी विचारलं.

"तुमचीच की, काका. दुसरी कुणाची चढतीया हितं?"

दाजींनी एकदा गाडीकडं बघितलं आणि मान हलवली.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. पहिली अडचण अशी की ओळी नेमक्या कुठं होत्या हेच कुणाला सांगता येईना; घळीनं सगळ्या खुणा खाल्ल्या होत्या. मावशी म्हणाली, थांबा. तिनं रिकामी किटली डोक्यावर घेतली, वर गेली आणि रोजच्यासारखी, जरा बाजूनं, खाली उतरायला लागली. मध्येच तिचा पाय आपोआप उचलला जायचा, तिथं काही नसताना. ती तिथं थांबायची. "हितं एक हुता." दाजी मागून खुंटी ठोकायचे. असं ती जांभळीपर्यंत आली. मी भूगोलाचे पुष्कळ नकाशे पाहिले आहेत, पण पायात ठेवलेला नकाशा तेव्हाच पाहिला.

मग दरीत लोटलेले दगड एकेक करून वर आणायचे. मी सुट्टीच्या दिवशी जात होतो, दाजी रोजच. ओळ बसवून झाली की दाजी झऱ्यावरून पाण्याचा कॅन भरून आणत, वरच्या अंगाला ओतत आणि वाकून बघत पाणी कुठं जातंय. सरळ खाली आलं तर पुन्हा सगळं उचकटायचं. मावशी येता-जाता तपासायची. "तिरकं कमी झालंय," म्हणायची. सुभेदार मेजरसमोर कधी इतक्या वेळा ‘व्हय’ म्हटलं नव्हतं, असं दाजीच मला सांगत. घळ मातीनं भरली, ओळी बसल्या, पावसाच्या आधी वनरक्षक बाई वरपर्यंत चालून आल्या आणि प्रत्येक ओळीवर पाय दाबून बघत खाली गेल्या. वाट बंद झाली नाही.

आषाढात, धो धो पाऊस चाललेला असताना मी दाजींबरोबर वर गेलो. त्यांनी गाडी जांभळीखाली लावली आणि तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकला. आम्ही चढत गेलो. प्रत्येक ओळीपाशी दाजी थांबत. पाणी यायचं, धोंड्याला टेकायचं आणि दरीकडं वळायचं. अर्ध्या वाटेत मावशी भेटली, डोक्यावर किटली, वर पोत्याची खोळ. पाय अचूक उचलत उतरत होती.

"गाडी कुटं हाय?"

"खाली हाय, जांभळीला."

"चुकल्या-चुकल्यागत हुतंय का?"

"व्हय," दाजी म्हणाले. "लय हुतंय."

मावशीनं मान डोलावली आणि ती पुढं गेली. दूध वेळेवर पोचायचं होतं.

वस्तीपाशी पोचल्यावर दाजींनी एकदा सगळी वाट वरून खालपर्यंत न्याहाळली आणि हळू आवाजात, कुणाला असं नव्हे, म्हणाले, "रस्ता खुला हाय." मग आम्ही परत फिरलो. ते पुढं, मी मागं. चार-पाच ओळी गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. प्रत्येक धोंड्याशी आले की चालता चालता दाजींच्या दोन्ही मुठी आवळत आणि बोटभर वर उचलत, पलीकडं पाऊल पडलं की पुन्हा सैल होत. त्यांना ते माहीत नव्हतं. मला ते सांगावंसं वाटलं, आणि दगडांचं माझं वाक्यही त्याच वेळी कबूल करावंसं वाटलं, पण पावसाचा आवाज फार होता. जांभळीपर्यंत मी त्यांच्या हातांकडं बघत, प्रत्येक धोंड्याला पाय उचलत त्यांच्या मागून उतरलो.