केकवरची सही

मी पेंटर. म्हणजे घरं रंगवणारा नव्हे, अक्षरं काढणारा. नारायणगावच्या बाजारातल्या आडत्यांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची अक्षरं, दवाखान्यांचे बोर्ड, पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागत त्यांचे भलेमोठे फलक, हे सगळं वीस वर्षं माझ्या हातचं होतं. मग फ्लेक्स आला. एका रात्रीत आला असं लोक सांगतात, पण तसं नाही. दोन-तीन वर्षं घेतली त्यानं. मला मात्र तो दिसलाच नाही, कारण मी शिडीवर होतो आणि तोंड भिंतीकडं होतं.

बायको म्हणायची, "फ्लेक्सवाल्याकडंच जा की कामाला. त्याला फ्रेमा ठोकायला माणूस पायजेल हाय." वारूळवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत भाकरी थापता थापता ती हे म्हणायची, रागानं नाही, आणि तेच मला झोंबायचं. ज्याच्यापायी माझा धंदा बसला त्याच्या चौकटींना मी खिळे मारायचे. मी तिला सांगून टाकलं, हातात चित्र आहे तोवर चित्रावरच खाईन. नुसतं बोलून भागणार नव्हतं, म्हणून स्टँडजवळच्या एका बेकरीत जाऊन उभा राहिलो. तिथल्या शेठला केकवर नक्षी काढायला माणूस हवा होता.

भिंत जागची हलत नाही, क्रीम हलतं. एवढा एक फरक समजायला मला तीन आठवडे लागले. ब्रशला लागतो त्याच्या पाव जोरानं क्रीम भरलेला कागदी कोन दाबायचा, हे मला कळत होतं, मनगटाला कळत नव्हतं. गुलाब काढायला जावं तर कोबी व्हायचा. शेठ तो सुरीनं उचलून परत भांड्यात टाकायचा आणि म्हणायचा, "पेंटर, हात हलका करा राव. ही काय एस्टी स्टँडची भिंत न्हाई." त्याची चूक नव्हती. चाळिशीच्या माणसाला शिकवायचं म्हणजे त्यालाही अवघडच जात असणार.

मग येडगावचा एक बागायतदार आला. त्याच्या मुलाचा सहावा वाढदिवस होता. खिशातून त्यानं वहीवरचं लेबल काढलं. त्यावर पिवळी टोपी घातलेलं निळं माकड होतं. टीव्हीवर दुपारी लागायचं म्हणे, आणि हिंदीत बोलायचं.

"पोरगं दुसरं काय बघतच न्हाई," तो म्हणाला. "आसंच्या आसं पायजे."

असे केक तेव्हा पुण्याहून यायचे. शेठनं माझ्याकडं पाहिलं. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "पेंटर, हे जमलं तर चित्राचं काम कायमचं तुमच्याकडं. न्हाई जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागंल." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सातला मी केकपुढं उभा राहिलो. पाटीवर पाडतो तशा काडीनं क्रीमवर बारीक चौकटी पाडल्या. लेबलवरही पेन्सिलीनं तेवढ्याच पाडल्या, आणि एकेक चौकट भरत गेलो. निळा थेंबाथेंबानं कालवला. टोपीची कड दोनदा पुसून परत घेतली. वरच्या बाजूला मुलाचं नाव घातलं. डोळे शेवटी काढले, ती आमची रीत. दुपारी दोनला काळं बुबुळ बसलं आणि माकड माझ्याकडं बघायला लागलं. शेठनं भट्टीवरच्या माणसाला बोलावून दाखवलं. मला तो एवढंच म्हणाला, "लई भारी झालं." खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. वाटलं, सुटलो. फ्रेमा ठोकायला जायला नको.

शेठ गल्ल्यावर गेला. काम संपलं होतं. काम संपलं की उजव्या हाताला खाली, कोपऱ्यात, नाव आणि त्याखाली एक आडवी रेघ. वीस वर्षांत त्यासाठी हातानं मला कधी विचारलं नव्हतं, तेव्हाही विचारलं नाही. छान आलं होतं अक्षर. मी खोक्याचं झाकण लावलं.

चार वाजता बाप मुलाला घेऊन आला. मुलानं हट्ट धरला म्हणून काउंटरवरच खोकं उघडलं. माकड बघून तो हसला. मी बघितलं, हसला तो. नुकताच वाचायला शिकला असावा, कारण अक्षरांखाली बोट धरून त्यानं आधी स्वतःचं नाव वाचलं. मग बोट खाली कोपऱ्यात गेलं, आणि एकेक अक्षर जोडत त्यानं माझं नाव वाचलं. तालुकाभर कोपऱ्याकोपऱ्यात मी ते लिहून ठेवलं होतं, पण कुणी मोठ्यानं वाचलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"ये मेरा नहीं है," मुलगा म्हणाला, टीव्हीतल्या त्या हिंदीत. मग रडवेला होऊन बापाकडं वळला. "पप्पा, ह्याच्यावर दुसऱ्याचं नाव हाय. ह्यो दुसऱ्याचा हाय."

बापानं वाकून पाहिलं. "हे कोण?"

"मी," मी म्हणालो.

"पावणं, वाढदिवस माझ्या पोराचा हाय का तुमचा?" आवाज चढवला नव्हता त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

शेठनं सुरी घेतली आणि माझं नाव खरवडलं. खालचा पिवळा स्पंज दिसला. त्यावर त्यानं स्वतः एक लाल गुलाब काढला, एका दमात, सुरेख. मुलगा काही ऐकेना. "खाली हायेच ते," म्हणत राहिला. घरी पाहुणे जमले होते म्हणून ते केक घेऊन गेले. दुसरं काही कारण नव्हतं.

मी एप्रन सोडायला लागलो. शेठ म्हणाला, "जाऊ नगा. पर चित्र बंद. पुण्यात प्लास्टिकच्या बाहुल्या मिळत्यात, माकडं, अस्वलं, पायजेल ते. मधी रवली की झालं काम. तुमी नुसतं पांढरं सपाट करून देत जावा. तेवढं तुमचं चांगलं येतं." दया करून बोलत होता तो.

आमच्या धंद्यात पाटीला पांढरा मारायचं काम नवशिक्याकडं असतं. अक्षरं काढणारा त्यानंतर येतो. मी एप्रनची गाठ परत बांधली.

घरी गेलो तेव्हा बायको दारातच होती. "ठेवलं का?" तिनं विचारलं. ठेवलं, म्हटलं. तिचा चेहरा किती दिवसांनी असा मोकळा झालेला दिसला. थोड्या वेळानं ती कुंपणापलीकडच्या शेजारणीला सांगताना ऐकू आली, "आता बेकरीतली समदी चित्रं ह्येच काढणार हायेत." उठून खरं काय ते सांगावं असं वाटलं, पण मी उठलो नाही. पुढं कधीतरी तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळलं असणारच. तिनं मला विचारलं नाही.