माय फादर वॉज

सकाळी मुलगी आरशासमोर उभी राहून इंग्रजीत स्वतःची ओळख पाठ करत होती. "माय फादर इज..." एवढं कानावर पडलं आणि मला पद्मा आठवली.

बारावीनंतर आम्ही दोघी इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जायचो. चादरींच्या दुकानावरची ती पत्र्याची खोली दुपारी भट्टीसारखी तापायची. तिथं जोडीजोडीनं एकमेकांना स्वतःची इंग्रजीत ओळख करून द्यायची. पद्मा तेलुगू घरातली, वडील यंत्रमागावर कामाला. ते मागावरच कोसळले आणि वारले; त्यानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदाच क्लासला आली होती.

"माय फादर इज अ विव्हर," ती पाठ केलेलं म्हणाली आणि थांबली. "आता 'इज' म्हणायचं की न्हाय गं?"

तिनं हात वर केला. "सर, माणूस नसला की 'इज'चं काय होतं?"

"वॉज," सर फळा पुसत म्हणाले. तिचे वडील गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. "उभी राहून पूर्ण वाक्य म्हण."

"माय फादर वॉज अ विव्हर."

"व्हेरी गुड!" सर म्हणाले, आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. पद्मा खाली बसली.

पुढं ती टॉवेल शिवायच्या कामाला लागली. क्लासला पुन्हा आली नाही. तिच्या आईनं मला सांगितलं, "पोरगी बापाचं नावच काढत न्हाय." तेव्हा मला ती लई धीराची वाटली होती. आता वाटतं, बाप गेला हे तिला फक्त त्या भाषेत बोलता आलं, जी तिच्या घरात कुणालाच कळत नव्हती.