श्रद्धांजलीच्या टेम्पोतला डोनर

"मॅडम, बॅनर कुटं लावू?"

ब्लड बँकेच्या रिसेप्शनमध्ये हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. समोर घामाघूम झालेले पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. मागे दोघांच्या खांद्यावर गुंडाळलेला फ्लेक्स. त्याच्यामागे दारात एक टेम्पो ट्रॅव्हलर, आणि त्यातून माणसं उतरतच होती.

"कुणासाठी आलात?"

"सुरेखासाठी. आमची वर्गमैत्रीण. वरच्या वॉर्डात हाय. तिला प्लेटलेट लागत्यात म्हणं. मंगळवेढ्याची पुरी बॅच आणलीय की मॅडम."

हे दत्ताभाऊ. मंगळवेढ्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि दहावीच्या बॅचच्या मोबाइल ग्रुपचे ते अॅडमिन आहेत. बॅचमधली सुरेखा लग्नानंतर सोलापुरात आली, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंग सुपरवायझर झाली, आणि आता तिला रक्ताचा कॅन्सर निघाला होता. बातमी ग्रुपवर पडली आणि ग्रुप उठून आला.

फ्लेक्स उलगडला. 'लढ सुरेखा, आम्ही आहोत!' खाली दत्ताभाऊ आणि मंडळींचे मोठे फोटो. सुरेखाचा फोटो कोपऱ्यात होता. तो उशिरा मिळाला म्हणे.

मी सोलापुरातल्या एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत डोनर कोऑर्डिनेटर आहे. रक्तदाते शोधायचे, त्यांना वेळेवर आणायचं, आणि नको तेव्हा आलेल्यांना परत पाठवायचं. यातलं शेवटचं काम लोकांना माहीत नसतं.

"मला आज एकच माणूस हवाय," मी म्हणाले.

"येक?"

"एक. दोन दिवसांनी आणखी एक. मग पुन्हा दोन दिवसांनी एक."

"आन् ह्या बाकीच्यांचं काय करू? डिझेल घालून आणलंय, मॅडम."

इथं थोडं समजावून सांगते. प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी. जखम झाली की रक्त थांबवण्याचं काम त्यांचं. केमोथेरपीनं कॅन्सरबरोबर याही मरतात. मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागतं. अशा पेशंटला बाहेरून प्लेटलेट देतात. डोनरला मशीनला जोडायचं. मशीन रक्त घेतं, प्लेटलेट वेगळ्या काढतं आणि बाकीचं रक्त परत त्याच्याच अंगात सोडतं. खुर्चीत तास-दीड तास पडून राहावं लागतं. या बॅगेची मुदत जेमतेम पाच दिवस. साठवून ठेवायची सोय नाही. त्यामुळे एका दिवशी चाळीस डोनर आले तर एकोणचाळीस जण निरुपयोगी.

एवढ्यात आमचे मेडिकल ऑफिसर बाहेर आले. गर्दी बघून त्यांचा चेहरा उजळला.

"कांबळे मॅडम, आयता कॅम्प चालून आलाय. प्लेटलेट राहू द्या, साधं रक्तदान करून घ्या सगळ्यांचं. आपला स्टॉक बघितलात का?"

"बघितला, सर. पण आज ह्यांनी रक्त दिलं की साधारण महिनाभर ह्यांच्यापैकी कुणाच्याही प्लेटलेट घेता येणार नाहीत. आणि तिला लागणार आहेत त्या याच महिन्यात."

सरांनी फ्लेक्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग त्यांना चहा द्या," म्हणाले आणि आत गेले.

चहा काही बॅचला पटला नाही. मागून एक जण म्हणाला, "नुसतं चहा पिऊन माघारी जायचं व्हय? गावात इचारतील की, किती बाटल्या दिल्या म्हणून."

"तपासणीसाठी सॅम्पल देऊन जा," मी म्हणाले. "ज्यांचं जुळेल त्यांना मी तारीख देईन."

सॅम्पल म्हणजे दंडातून काढलेलं चमचाभर रक्त. पण कापसाचा बोळा दाबून धरलेल्या हाताचा फोटो निघतो. त्यावर समाधान झालं. बॅनरसमोर सगळ्यांनी बोळे दाखवत फोटो काढला आणि टेम्पो परत गेला. पंधरा-सोळा जण जुळले. मी शेड्यूल बनवलं. प्रत्येक तारखेला एक डोनर आणि एक स्टँडबाय, म्हणजे पहिला आला नाही तर येणारा. दत्ताभाऊंनी मला ग्रुपमध्ये घेतलं.

त्यानंतर मला कळलं की ग्रुपची कामाची पद्धत वेगळी असते. पहाटेपासून 'लढ सुरेखा' सुरू व्हायचं. पपईच्या पानांचा रस कसा काढावा यावर दुपारपर्यंत चर्चा चालायची. "उद्या कोण येणार आहे?" असं मी विचारलं की हात जोडलेल्या इमोजींची रांग लागायची. हात जोडणं म्हणजे होकार, नकार की नमस्कार, हे प्रत्येकाला फोन करून विचारावं लागायचं.

सगळ्यात आधी जागे व्हायचे संजय सर. मंगळवेढ्याजवळच्या शाळेत शिक्षक. रोज पहाटे सुरेखासाठी चार ओळी लिहायचे. गट जुळत होता, तब्येत धडधाकट आणि हाताच्या शिरा अशा की नर्सनं बघतच राहावं. त्यांची पाळी तीनदा आली. पहिल्यांदा शाळा-तपासणी निघाली. दुसऱ्यांदा मेहुणीच्या मुलाचं बारसं. तिसऱ्यांदा म्हणाले, "आज अमावस्या आहे, मॅडम. माझं काही नाही, आई ऐकत नाही."

दत्ताभाऊ मात्र एका हाकेवर यायचे. त्यांची सवय एकच वाईट. ते मेसेज तुकड्यातुकड्यानं पाठवायचे. गिऱ्हाइकाला खिळे मोजून देता देता टाइप करणारा माणूस, एक शब्द लिहिला की पाठवून मोकळा. 'उद्या'. 'मी'. 'येतो'. आणि मग बऱ्याच वेळानं, 'न्हाय'.

दुसऱ्या केमोनंतर सुरेखाला आठवडाभर घरी सोडलं होतं. एका सकाळी तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. नवरा फर्स्ट शिफ्टला गेलेला. दत्ताभाऊ खरेदीसाठी सोलापुरातच होते, त्यांनी तिला रिक्षात घालून आणलं. वॉर्डच्या दारात सिस्टरांच्या ताब्यात दिलं, स्वतः लिफ्टमध्ये शिरले आणि ग्रुपला कळवायला घेतलं.

'सुरेखा'.

'गेली'.

लिफ्टचं दार बंद झालं. तिसरा शब्द होता 'आत'. तो फोनमध्येच अडकला. लिफ्ट बेसमेंटला गेली. तिथं कॅन्टीन आहे आणि रेंज नाही. दत्ताभाऊंनी निवांत इडली खाल्ली आणि तिथंच बाकावर दोन तास झोप काढली.

मी खाली टेबलावर होते. वरून रिपोर्ट आला. आकडा इतका खाली होता की सिस्टरांनी तिला चूळसुद्धा जपून भरायला सांगितलं होतं. अशा वेळी जोराच्या खोकल्याचं निमित्त होऊन मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दुपारपर्यंत बॅग चढायलाच हवी होती. मला घाबरण्याचं कारण नव्हतं, कारण त्या दिवशीचा डोनर ठरलेला होता. करमाळ्याचे महादेव, एसटीनं निघालेले. मी फोन लावला.

"महादेवभाऊ, कुठवर आलात?"

"मोहोळला उतरलो, मॅडम. माघारी निघालोय."

"अहो, का?"

"आता येऊन काय करू?" आवाज भरून आला होता. "माती किती वाजता हाय तेवढं कळवा." आणि फोन बंद झाला. बॅटरी संपली होती, हे नंतर कळलं.

मी ग्रुप उघडला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. बोट दुखेपर्यंत वर सरकवलं तेव्हा सगळ्यात वर ते दोन शब्द सापडले.

मी ताबडतोब लिहिलं : 'सुरेखाताई सुखरूप आहेत. वॉर्डमध्ये दाखल झाल्या आहेत. अफवा पसरवू नका.' त्याखाली हात जोडलेले आले. मग आणखी हात. एकानं लिहिलं, 'देव तिच्या आत्म्यास शांती देवो.' दुसऱ्यानं लिहिलं, 'हॉस्पिटलच्या मॅडमनी पण कळवलंय. बातमी खात्रीची आहे.'

स्टँडबायला फोन केला. प्रकाश, चिंचोळीतच कामाला, अर्ध्या तासाच्या अंतरावर.

"ती जिवंत आहे," मी पहिलंच वाक्य पूर्ण बोलले. "लगेच या."

"काय सांगता! रडून रडून डोकं फुटायला लागलंतं बघा. निघालोच."

"थांबा. डोक्यासाठी काही घेतलंत का?"

"गोळी घेतली की. आत्ताच."

गोळीचं नाव विचारलं. अॅस्पिरिनची होती. अॅस्पिरिननं प्लेटलेटचं काम मंदावतं. तीन दिवस तो माणूस चालत नाही. दुःखानं डोनर बाद होण्याची ही माझ्याकडची पहिलीच केस.

शहरातल्या बाकीच्या ब्लड बँकांना फोन केले. त्या गटाची बॅग कुणाकडे नव्हती. यादीतल्या इतरांना लावले. कुणीच उचलेना. मी वर वॉर्डात गेले.

सुरेखा मास्क खाली ओढून ओठांवर गॉज धरून बसली होती. गॉज लाल झालेला. दुसऱ्या हातात फोन.

"या मॅडम. बसा. अजून येतायत."

"अहो ताई, तुम्ही वाचताय आणि गप्प? लिहा ना तिथं, मी आहे म्हणून!"

"लिहिते की. जरा दम धरा. ही शोभा बघा. शाळंत मला ढ म्हणायची. आता लिवलंय, वर्गाची शान हरपली." ती हसली. हसल्यावर गॉजवरचा डाग पसरला. सिस्टरनं तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला कळलं, वेळ फार नाही.

तेवढ्यात खालून इंटरकॉम आला. "मॅडम, तो टेम्पो परत आलाय."

मी जिना उतरून गेले. तोच टेम्पो, तीच माणसं. आता फोन का उचलत नव्हते ते कळलं. गाडीत मिळून भजन चाललं होतं. एका डोनरसाठी मी एरवी आठ-आठ फोन करते, आणि इथं एकही फोन न करता गाडी भरून आली होती. कुणाकडे हार, कुणाकडे फुलांची पाटी. सगळ्यात पुढे संजय सर, हातात भलंमोठं पुष्पचक्र.

त्याच वेळी दत्ताभाऊ डोळे चोळत बेसमेंटमधून वर आले.

"आरं, हार कुणाला?"

"कुणाला म्हंजे? तूच लिवलंस की गेली म्हणून!"

"आत गेली! आत! वॉर्डात!" दत्ताभाऊंनी फोन काढला. त्याच क्षणी सगळ्यांचे फोन एकदम वाजले. ग्रुपवर शब्द आला होता. 'आत'.

मग शोभा पायरीवर बसली आणि रडू लागली. रडणं आटोपल्यावर तिनं पायातली चप्पल काढून दत्ताभाऊंच्या दिशेनं भिरकावली. ती फुलांच्या पाटीत पडली.

"चांगलं झालं. देवाची कृपा," संजय सर म्हणाले. "मग आम्ही निघावं म्हणतो."

"सर, तुम्ही थांबा. तुमचं सगळं जुळतंय, बाकीच्या जुळणाऱ्यांची पाळी नुकतीच झालीय आणि मला आत्ता डोनर हवाय."

"आज जरा पित्त झालंय, मॅडम. तसं माझं काही नाही, पण..."

माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, वॉर्डच्या सिस्टरांचा. पडद्यावर सुरेखा, वरच्या खिडकीतून तिनं टेम्पो आणि पुष्पचक्र पाहिलं होतं. मी फोन सरांसमोर धरला.

"संज्या," ती म्हणाली. बोलताना गॉज बाजूला करावा लागत होता. "तू सकाळी काय लिवलंयस ते वाचू का? 'तुझ्यासाठी रक्ताचा थेंब न थेंब दिला असता, पण नियतीनं संधीच दिली नाही.'"

"अगं सुरेखा, ते म्हणजे..."

"नियती तुझ्याम्होरं उभी हाय बघ. पांढरा कोट घालून. जा तिच्यासंगं."

टेम्पोभर माणसं सरांकडे बघत होती. त्यांनी पुष्पचक्र ठेवायला जागा शोधली. ती मिळेना, तेव्हा वॉचमनच्या हातात दिलं आणि माझ्यामागे आले.

खुर्चीत आडवं होताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अमावस्या, बारसं, पित्त ही सगळी एकाच गोष्टीची नावं होती. सर सुईला घाबरत होते. टेक्निशियननं दंडाला पट्टा बांधला. सरांनी डोळे गच्च मिटले.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

"आत गेली," मी म्हणाले.

बॅग दुपारी वर चढली. संध्याकाळी सुरेखाचं रक्त थांबलं. महादेव दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं हजर झाले, सुतकी चेहऱ्यानं. तिला काचेतून बघितल्यावर तिथंच उभ्या उभ्या तिला एक शिवी दिली आणि चहा मागितला.

पुढच्या सगळ्या तारखांना एकही डोनर चुकला नाही. याचं श्रेय मला मिळालं, पण ते माझं नाही. सुरेखानं त्या दिवशीचे सगळे मेसेज राखून ठेवले होते. कुणी टाळाटाळ केली की मी तिला नाव कळवायची आणि ती त्या माणसाला त्यानंच लिहिलेली श्रद्धांजली पाठवायची. खाली एवढंच : 'मंगळवारी अकराला ये.' लोक साडेदहाला यायचे. सध्या ती गोळ्यांवर आहे, कारखान्यात परत रुजू झाली आहे आणि ग्रुपची दुसरी अॅडमिन आहे. दत्ताभाऊंचे मेसेज आधी तिच्याकडे जातात, ती ते जोडून पुढे पाठवते.

अशी सोय प्रत्येक पेशंटला करून देता येत नाही. म्हणून नवीन ग्रुप आला की मी दोनच सूचना देते. एका वेळी एकानंच यावं. आणि वाक्य पूर्ण झाल्याशिवाय बटण दाबू नये.