आधी गाळू, मग बोलू

कुणाच्याही ओटीवर पाण्याचा तांब्या पुढे आला की हा डॉक्टर खिशातून दुहेरी शिवलेलं फडकं काढायचा, भांड्यावर पसरायचा आणि म्हणायचा, "आधी गाळू, मग बोलू." यजमानाचा चेहरा पडायचा. माझ्या घरी त्याने हेच केलं तेव्हा माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

मी पोलादपूरचा वैद्य. नारू काढण्यात आमचा तीन पिढ्यांचा हातखंडा. पायाच्या फोडातून दोऱ्यासारखा जंत डोकावला की तो काडीवर गुंडाळायचा, रोज बोटभर, जराही न ओढता. उन्हाळ्यात माझी ओटी लंगडणाऱ्या माणसांनी भरलेली असे, आणि खरं सांगतो, ती भरलेली पाहून मला बरं वाटे.

डॉक्टर मुंबईला शिकून महाडात आलेला. वयाने माझ्याहून पुष्कळ लहान, म्हणून अरेतुरे करतोय. दवाखान्यात बसायचं सोडून तो गावोगावच्या विहिरी बघत हिंडे. नारू पायाच्या फोडातून पाण्यात उतरतो आणि त्याच पाण्यातून पोटात जातो, तेव्हा पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालू नका, वरून रहाट बसवा, असं सांगे. लोक त्याला हसत आणि त्याचं ऐकतही. ऐकत, हाच माझा जाच होता.

एकदा त्याने उमरठची एक बाई माझ्याकडे पाठवली. सोबत चिठ्ठी, की नारू काढायला तुमच्यासारखा हात माझा नाही. मला ती भीक वाटली. आठ दिवसांचं काम एका दिवसात करून दाखवतो, म्हणून मी काडी भराभर फिरवली आणि नारू तुटला. दुसऱ्या दिवशी बाईचा पाय मांडीपर्यंत सुजला.

नवऱ्याने डॉक्टरला आणलं. त्याने माझ्याच ओटीवर पू काढला, जखम धुतली. नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, "वैद्यबुवा, तुमच्या हातून कंदी तुटला नाय. आताच कसा तुटला?"



"माझ्या हातून दोन तुटलेत," डॉक्टर म्हणाला. "म्हणून तर यांच्याकडे पाठवतो."

बाई वाचली, माझी अब्रूही वाचली. पण त्या दिवशी मला त्याचा जितका हेवा वाटला, तितका कधीच वाटला नव्हता. रोगी नेले, नाव नेलं. मोठं मनसुद्धा त्याच्याच वाट्याला यावं?

पुढे विहिरींवर रहाट आले आणि माझी ओटी ओस पडली. डॉक्टर क्षयाने गेला. शेवटपर्यंत खोकत खोकत हिंडत होता म्हणे. त्याला पोचवायला सगळं महाड लोटलं होतं. माझ्यामागे एवढी माणसं येतील का, हा विचार मला तिथेही सुटला नाही.

या उन्हाळ्यात, तीन वर्षांनी, डोंगरातल्या वाडीवरून एक सासुरवाशीण लंगडत आली. काडी हातात घेतली, पण तोंडून आधी निघालं, "पाणी कुठलं भरतेस गो?"

तिला पट्टी बांधून मी घरातलं एक फडकं दुहेरी केलं आणि तिने सांगितलेल्या पायऱ्यांच्या विहिरीकडे निघालो. चढणीवर सारखं वाटत होतं, हा डॉक्टर नेहमीसारखा माझ्या आधी पोचला असेल.

पायऱ्यांवर कोणी नव्हतं.