कंपाउंडर आबांचं नाक

"गोळीला गुडघा ठाऊक नसतो," असं म्हणून ते गोळ्यांची पट्टी काउंटरवर पालथी ठेवत आणि चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे बघत.

कळसला माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांच्या पुतण्याचं मेडिकल, मध्ये एक भिंत. तीस वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडरकी करून ते आता पुतण्याच्या गल्ल्यामागे स्टुलावर बसत. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. पुतण्या औषधं विके आणि आबा झालेली विक्री मोडून काढत. हे नाटक मला रोज फुकट बघायला मिळे.

"दुखण्यावरची द्या आबा. गुडघ्याची."

"गुडघ्याची आशी गोळी नसती. ठिबकच्या टाकीत खत सोडलं तर एकाच डाळिंबाला जातंय का?"

"न्हाय."

"तशीच ही. पोटात जाती, किडनीत जाती, आन् वाटंत गुडघा लागला तर त्येला राम राम करती. रोज खाल्लीस तर किडनी म्हणंल, पाव्हणा मुक्कामालाच आला."

गिऱ्हाईक हसत हसत चारच्या जागी दोन गोळ्या घेऊन जाई आणि पुतण्या कपाळाला हात लावी.

आता त्या दुपारचं सांगतो. माझा धाकटा भाऊ डाळिंबावर फवारणी करून आला, तो उंबऱ्यातच बसला. अंगावर घागर ओतावी तसा घाम. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, वर उलट्या. दंडाचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं.

सकाळीच त्याचं बायकोशी वाजलं होतं. तिनं त्याचा आवडता शर्ट बोहारणीला देऊन पातेलं घेतलं आणि हा न जेवता रानात गेला. गावाला एवढं पुरे. अंगणात माणसं जमली आणि कुजबुज सुरू झाली, "फवारायचं पिलाय. सकाळी भांडणं झाल्यात." कुणीतरी त्याला ओकायला लावायचं म्हणून मिठाचं पाणी कालवलं. भावजय पाण्याचा तांब्या हातात घेऊन भिंतीला टेकून उभी होती. तो खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं.

मी आबांना मोटारसायकलवर घालून आणलं. त्यांनी पहिल्यांदा मिठाचं पाणी मोरीत ओतलं. "ह्येची शुद्ध चाललीया. हे छातीत जाईल." मग भावाची हनुवटी उचलून डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झालेल्या. मग त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन त्यांनी असा खोल श्वास घेतला, की कुजबुजणारेही माना उंचावून बघू लागले. शेवटी त्याला पुढं वाकवून पाठ पाहिली. शर्ट मानेपासून कमरेपर्यंत चिंब होता आणि त्यावर औषधाचे पांढुरके ओघळ होते.

"तोंडाला वास न्हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पिलेला न्हाय ह्यो. पाठीवरला पंप गळलाय. पाठीतनं गेलंय."

"पाठीतनं विष जातंय व्हय?" शेजारच्या तात्यांनी विचारलं.

"तुमची पाठ पत्र्याची असंल, तात्या. ह्येची कातड्याची हाय. साबण आणा, पाईप लावा."

"घाम फुटलेल्या माणसाला गार पाणी? न्यूमोनिया हुईल."

"झाला तर त्येचीबी गोळी हाय."

हातांवर कॅरीबॅगा चढवून आबांनी शर्ट कात्रीनं कापून काढला, भावाला डोक्यापासून पायापर्यंत साबणानं धुतलं आणि डॉक्टरांना दाखवायला फवारणीची बाटली पिशवीत घेऊन आमच्याबरोबर जीपमध्ये बसले. बारामतीच्या वाटेवर भावजयीनं हळूच विचारलं, "आबा, खरंच पिलं न्हाईत न्हवं?"

"पोरी, तीस वर्सं औषधांच्या वासात काढल्यात. ह्या नाकावर इश्वास ठेव."

तेव्हा कुठं ती रडली आणि तेव्हा कुठं तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. तो ती घरून तसाच घेऊन निघाली होती.

दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली. थोड्या वेळानं भाऊ हवेतलं काहीतरी वेचू लागला. "मोटर बंद करा," असं खाटेला सांगू लागला. बाहुल्या मोठ्या, जीभ लाकडासारखी कोरडी. भावजय घाबरली. "येड लागलं का ह्यास्नी?"

आबा मात्र खुशीत. "लागू दे. त्या विषानं अंगातलं सगळं नळ उघडलं व्हतं. लाळ, घाम, छातीतबी पाणी. ही सुई त्ये नळ बंद करती. धोतऱ्याच्या खानदानातलंच जहर हाय, म्हणून धोतरा खाल्ल्यागत बडबडतोय. तोंड कोरडं पडलं न्हवं? मग आता छाती मोकळी हुईल."

तशी छाती मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ भानावर आला. "पंपाचं झाकण गळत व्हतं," तो म्हणाला. "म्हणलं, दोन वळी ऱ्हायल्यात, उरकून टाकू." मग अंगाकडे बघून म्हणाला, "माझा शर्ट?"

"कापला," भावजय म्हणाली.

"त्योबी गेला? ह्येच्यावर पातेलं तरी आलं का?"

तिनं पदर तोंडावर घेतला. हसत होती की रडत होती, मी पाहिलं नाही.

मी आबांसाठी टपरीवरून चहा आणला. दूध इतकं करपलेलं, की मला पहिला घोट गिळवेना. आबा मात्र मिटक्या मारत पीत होते.

"करपलाय, आबा."

"असंल. मला वास येत न्हाय. दोन वर्सं झाली, मोठा ताप आलता, तवापास्नं."

मी कप बाकावर ठेवला. "मग काल?"

"पाठ वल्ली दिसली, त्येला नाक कशाला? तोंडाचं मलाबी ठाऊक नव्हतं. डाक्टरच्या कानात सांगितलं, पिलेलं आन् पाठीतनं गेलेलं, दोन्ही धरून चाला म्हणून. पण त्या पोरीचं तोंड बघितलंस न्हवं? तिला तवाच कायतरी द्यायला पायजे व्हतं."

"आन् खोटं ठरलं असतं तर?"

"तर माझ्यावर चिडली असती. सोतावर तरी न्हाय."

आबा गेल्या वर्षी गेले. भाऊ ठणठणीत आहे. घरी पाहुणे आले की भावजय अजून सांगते, "आबांनी नुसत्या वासावर सांगितलं, सगळ्या गावासमोर. आसं नाक पुन्हा व्हायचं न्हाय." मी शेजारी बसून मान डोलावतो. तिला मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही कधी कळसला आलात, तर तुम्हीही सांगू नका.